वॉर्ड नंबर १८: एका शूटरच्या मरणामागचा इतिहास

१२ सप्टेंबर १९९२ च्या पहाटे अरुण गवळीच्या टोळीतला शैलेश हळदणकर मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाच्या वॉर्ड नंबर १८ मध्ये, पोलीस पहाऱ्यात होता. शस्त्रधारी टोळकं आत घुसलं, गोळ्या झाडल्या आणि निघून गेलं. हळदणकर मेला. पहाऱ्यावरचे दोन पोलीसही मेले. हल्ल्यात एके-४७ वापरल्याचं तपासात पुढे आलं आणि शहर हादरलं ते त्यामुळे. माझ्या मते खरी हादरण्याची गोष्ट वेगळी होती. मारेकऱ्यांना तो शोधावाच लागला नव्हता.

हळदणकर काही ‘भाई’ नव्हता. बातम्यांत अशा माणसाला ‘साथीदार’ किंवा ‘हस्तक’ म्हणतात, टोळीत ‘पंटर’ म्हणतात आणि हातात घोडा, म्हणजे पिस्तूल, आलं की तोच ‘शूटर’ होतो. भाईला चाळ असते, दाराशी पोरं असतात, वकील असतो. पंटरला यातलं काही नसतं. त्याचं एकच संरक्षण, ते म्हणजे आज इथे, उद्या तिथे. पोलिसांनी पकडलं की तेही जातं, कारण आता तो रात्री कुठे झोपतो हे सगळ्यांना माहीत असतं. फिल्डिंग लावायला, म्हणजे दबा धरून बसायला, याहून सोपं काय असणार?

ही युक्ती १९९२ ची नव्हे. फेब्रुवारी १९८१ मध्ये प्रभादेवीच्या पेट्रोल पंपावर दाऊदचा थोरला भाऊ साबीर मारला गेला. त्या खुनातला एक आरोपी अमीरजादा पोलिसांच्या हाती लागला आणि सप्टेंबर १९८३ मध्ये त्याला भर कोर्टात गोळी घातली गेली. गोळी घालणारा डेव्हिड परदेशी हाही पंटरच, सुपारी घेऊन आलेला. ती सुपारी बडा राजन ऊर्फ राजन नायरमार्फत गेल्याचं पोलिसांचं म्हणणं. राजनला अटक झाली आणि त्याच महिन्यात किल्ला कोर्टाबाहेर तोही संपला. त्याला मारणारा चंद्रशेखर सफालिका मूळचा रिक्षाचालक. तो नौदलाच्या पांढऱ्या गणवेशात आला होता, असं सांगतात.

आरोपीला कोर्टात हजर करायचं तर तारीख ठरलेली, वेळ ठरलेली. यादी बोर्डावर लागते, व्हॅन ठरल्या दारात थांबते. अटकेपासून चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यासमोर हजर करायचं हा नियम आरोपीच्या भल्यासाठीच आहे. पण बाहेर कोणी टपून बसलेलं असेल, तर त्यालाही तो तेवढाच उपयोगी पडतो.

हळदणकर ज्या गवळीच्या टोळीचा होता तिचा जन्म गिरणगावातला. लालबाग, भायखळा, चिंचपोकळी, सातरस्ता या पट्ट्यात भोंग्यावर दिवस चालायचा. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. बहुतेकांच्या लेखी तो संप आजही मिटलेला नाही. मात्र संपामुळेच टोळ्या जन्मल्या, हे सरधोपट उत्तर मला पटत नाही. बाबू रेशीम, रामा नाईक आणि अरुण गवळी यांची ‘बी. आर. ए.’ कंपनी संपाआधीपासून होती आणि मटका, दारू, खंडणी हे धंदेही जुनेच. संपानं एवढंच केलं की बापाचा पगार बंद झालेली, नाक्यावर उभी राहणारी पोरं या कंपन्यांना हवी तेवढी मिळू लागली. ज्या पोराला गिरणीत बदली कामगाराचा पास मिळाला असता, तो गवळीच्या दगडी चाळीच्या फाटकाशी उभा राहू लागला.

मार्च १९८७ मध्ये बाबू रेशीम सातरस्त्याच्या लॉकअपमध्ये होता. विजय उतेकर आणि त्याच्या माणसांनी बॉम्ब फेकत थेट लॉकअपवर हल्ला केला आणि गजांआडच त्याला संपवलं. कोर्टानंतर कोठडी. इथे तर तारखेचीही वाट पाहावी लागली नाही.

पुढे जोगेश्वरीच्या एका जागेवरून रामा नाईक आणि शरद शेट्टी यांच्यात बिनसलं. दाऊदनं शेट्टीची बाजू घेतली. काही काळानं नाईक पोलिसांच्या गोळीबारात मेला. त्यामागे दाऊदचीच टीप होती, असा गवळीच्या माणसांचा ठाम समज झाला. तोवर दोन्ही कंपन्या एकत्र काम करत होत्या, इथून वैर सुरू झालं. १९९० मध्ये गवळीचा भाऊ पापा मारला गेला. उत्तर द्यायचं तर थेट घरातच द्यायचं, असं ठरलं असावं. २६ जुलै १९९२ रोजी नागपाड्यात इब्राहिम पारकरवर गोळ्या झाडल्या गेल्या. पारकर म्हणजे दाऊदची बहीण हसीना हिचा नवरा. तो हॉटेल चालवायचा.

गोळ्या झाडणाऱ्यांत हळदणकर आणि बिपिन शेरे यांची नावं आली. पोलिसांच्या हाती लागले तेव्हा दोघेही जबर जखमी होते, म्हणून तुरुंगाऐवजी जे. जे.

सरकारी रुग्णालयातला पोलीस पहारा ज्यांनी पाहिलाय त्यांना तो डोळ्यांसमोर आणायला वेळ लागणार नाही. खाटेशी अडकवलेला माणूस, पायाशी लटकणारा केसपेपर, दारात खुर्ची टाकून बसलेले शिपाई, शेजारच्या खाटांवर भलतेच रुग्ण आणि जमिनीवर चटई टाकून झोपलेले त्यांचे नातेवाईक. रुग्णालयाला फाटक असतं, पण ते रात्रभर उघडं ठेवावं लागतं. कोर्ट संध्याकाळी बंद होतं, कोठडीला निदान गज असतात. वॉर्डला दोन्ही नाही.

दाऊदच्या टोळीत या हल्ल्याचा हिशेब आणखी वेगळा होता. पारकरचा बदला घ्यायला छोटा राजन उशीर करतोय, असं छोटा शकील आणि सुनील सावंत ऊर्फ सौत्या यांनी दुबईत बोलून दाखवलं आणि काम स्वतःकडे घेतलं, असं त्या काळाच्या वृत्तांतांत वारंवार येतं. तसं असेल तर हळदणकरचा मृत्यू ही दुसऱ्या कुणाच्या तरी बढतीची परीक्षा होती. पुढे राजन फुटला आणि शकील दाऊदचा उजवा हात झाला. शेरे मात्र त्या रात्री वाचला. त्याला दुसरीकडे हलवलेलं होतं.

जे. जे. हल्ल्याचा खटला टाडा या दहशतवादविरोधी कायद्याखाली चालला. टाडा १९९५ मध्ये संपला आणि १९९९ मध्ये महाराष्ट्रानं संघटित गुन्हेगारीविरोधी मोक्का कायदा आणला. आता मोठ्या टोळ्यांचे आरोपी बरेचदा तुरुंगातूनच व्हिडिओ कॉन्फरन्सिंगवर हजर होतात, व्हॅन निघतच नाही.

तरीही सप्टेंबर २०२१ मध्ये दिल्लीच्या रोहिणी कोर्टात गुंड जितेंद्र गोगीला मारणारे दोघे वकिलाच्या काळ्या कोटात आले होते. एप्रिल २०२३ मध्ये प्रयागराजला माफिया-राजकारणी अतीक अहमद आणि त्याचा भाऊ अशरफ यांना पोलीस वैद्यकीय तपासणीसाठी नेत होते, तेव्हा मारेकरी पत्रकार बनून गर्दीत उभे होते. तेही रुग्णालयाचंच आवार होतं.