फॉन्टचा परवाना: खिळे विकत घेण्यापासून अक्षरं भाड्याने घेण्यापर्यंत

एकाच फॉन्टची किंमत विचारली तर चार उत्तरं मिळतात. कॉम्प्युटरवर बसवून पोस्टर किंवा पुस्तक करायचं असेल तर एक दर. संकेतस्थळासाठी दुसरा, आणि तोही बऱ्याचदा पान महिन्यात किती वेळा उघडलं जातं यावर ठरणारा. ॲपमध्ये घालायचा तर तिसरा, ई-पुस्तकासाठी चौथा. हात आखडता असलेला डिझायनर इथे गोंधळतो आणि ‘फ्री फॉन्ट’ शोधून पहिला सापडेल तो उतरवून घेतो. हे दर असे का झाले हे समजून घ्यायला शिशाच्या खिळ्यांपर्यंत, म्हणजे जुन्या छपाईतल्या धातूच्या सुट्या अक्षरांपर्यंत मागे जावं लागतं.

खिळ्यांच्या काळात परवाना नावाची गोष्टच नव्हती. मुद्रक टाइप फाउंड्रीकडून, म्हणजे खिळे ओतणाऱ्या कारखान्याकडून, वजनावर खिळे घ्यायचा. एका वळणाचा, एका आकाराचा संच म्हणजे एक फॉन्ट. मथळ्याला मोठं अक्षर हवं असेल तर दुसरा संच घ्या. नक्कल करायची तर अक्षरं पोलादावर नव्याने कोरणारा कसबी कारागीर लागायचा, आणि अक्षराची राखण मुख्यतः या अडचणीनेच होत असे. १८४० च्या दशकात विजेच्या साहाय्याने तांब्याचा थर चढवून तयार खिळ्यावरूनच साचा काढता येऊ लागला आणि ती राखण सैल पडली. अमेरिकेत १८४२ साली दिलं गेलेलं पहिलंवहिलं डिझाइन पेटंट मुद्राक्षरांसाठी होतं, न्यूयॉर्कच्या जॉर्ज ब्रूस यांना मिळालेलं.

विसाव्या शतकाच्या मध्यावर फोटोटाइपसेटिंग, म्हणजे प्रकाशचित्रणाने अक्षरजुळणी, आलं. अक्षर धातूतून फिल्मवर उतरलं आणि ज्याच्याकडे कॅमेरा त्याच्याकडे नकलेचं साधन. १९५७ मध्ये शार्ल पेन्यो यांनी ‘एटिपी’ ही आंतरराष्ट्रीय संघटना उभी केली, त्यामागे अक्षररचनांना संरक्षण मिळवण्याची धडपड होती. १९७३ मध्ये व्हिएन्नात त्यासाठी करारही झाला, पण पुरेशा देशांनी मान्यता न दिल्याने तो कधीच अमलात आला नाही. अमेरिकेत तर १९७८ च्या ‘एल्ट्रा विरुद्ध रिंगर’ खटल्यात न्यायालयाने अक्षरांच्या आकारांवर कॉपीराइट मान्य करायला नकार दिला. नाव मात्र ट्रेडमार्क म्हणून राखता येत होतं. हेल्व्हेटिका या प्रसिद्ध फॉन्टसारखंच दिसणारं अक्षर ‘स्विस ७२१’ या नावाने का मिळतं, याचं उत्तर इथे आहे.

माझ्या मते या साऱ्या कहाणीतलं सगळ्यात महत्त्वाचं वळण १९७० चं आहे, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. त्या वर्षी ॲरन बर्न्स, हर्ब लुबालिन आणि एडवर्ड रॉन्डथेलर यांनी न्यूयॉर्कमध्ये आयटीसी ही कंपनी काढली. तोपर्यंत अक्षर यंत्राला बांधलेलं असे. ज्या कंपनीचं टाइपसेटर (अक्षरजुळणीचं यंत्र), तिच्याच फॉन्टच्या पट्ट्या. आयटीसीने यंत्रं बनवलीच नाहीत. तिने अक्षरांची रेखाटनं तयार करून घेतली, ती अनेक यंत्रकंपन्यांना दिली आणि बदल्यात रॉयल्टी घेतली. म्हणजे शिसं नाही, फिल्मही नाही, विकली जात होती ती फक्त वापरण्याची मुभा. आजचा डिझायनर पैसे मोजतो ते याच मुभेसाठी.

१९८४ मध्ये पान कसं छापायचं हे प्रिंटरला सांगणारी ॲडोबीची पोस्टस्क्रिप्ट भाषा आली, १९८५ मध्ये ॲपलचा लेझररायटर हा प्रिंटर. पोस्टस्क्रिप्टसाठीचे ॲडोबीचे ‘टाइप १’ या फाइलप्रकारातले फॉन्ट सुरुवातीला कुलूपबंद होते. ॲपल आणि मायक्रोसॉफ्ट ट्रूटाइप हा प्रतिस्पर्धी फाइलप्रकार घेऊन पुढे सरसावल्यावर १९९० मध्ये ॲडोबीने त्यांची रचना जाहीर करून टाकली. आता फॉन्ट म्हणजे एक छोटी फाइल, फ्लॉपीवर क्षणात उतरणारी. अमेरिकेत आकारांना संरक्षण नसलं तरी फाइल हा सॉफ्टवेअरचा तुकडा मानता येतो, आणि १९९८ च्या ॲडोबी विरुद्ध सदर्न सॉफ्टवेअर खटल्यात तेच धरलं गेलं. म्हणून परवान्यात कॉम्प्युटर मोजले जातात. छापखान्याला मजकुरासोबत फॉन्टची फाइल देणं अनेक परवान्यांत बसत नाही. पीडीएफमध्ये फॉन्ट अंतर्भूत करून देणं बहुतेकांत बसतं.

ऑपरेटिंग सिस्टिमसोबत येणारे फॉन्टही याच काळातले. ते वापरणाऱ्याला फुकट वाटतात, पण त्यांचे पैसे सिस्टिम बनवणाऱ्याने आधीच भरलेले असतात. मॅथ्यू कार्टर यांनी घडवलेले व्हर्डाना आणि जॉर्जिया मायक्रोसॉफ्टने १९९६ पासून वेबसाठी मोफत वाटले, तेही असेच. फुकट फॉन्ट समोर आला की मी पहिला प्रश्न हाच विचारतो: घडवणाऱ्याला पैसे कुणी दिले? उत्तर सापडलं तर फॉन्ट बहुधा निर्धोक असतो.

वेबवर गाडी बराच काळ अडली होती. पानासोबत फॉन्ट पाठवायची सोय १९९८ च्या सीएसएस २ मध्ये, म्हणजे वेबपानाचं रूप ठरवणाऱ्या नियमावलीत, लिहिलेली होती, पण ती सर्रास चालू लागली २००८-०९ मध्ये, सफारी आणि फायरफॉक्स या ब्राउझरांनी साथ दिल्यावर. फाउंड्र्यांची (आता फॉन्ट घडवून विकणाऱ्या कंपन्यांची) भीती रास्त होती, कारण सर्व्हरवर ठेवलेली फाइल कुणीही उचलू शकत होतं. यातून २००९ मध्ये टाइपकिट ही वर्गणीची सेवा निघाली, वॉफ हा वेबपुरता फाइलप्रकार आला, आणि पानं मोजून आकारणी करायची पद्धत रुळली.

कमी पैशांत काम करणाऱ्यांसाठी खरं दार उघडलं ते मात्र २००५ मध्ये, एसआयएल या भाषाविषयक काम करणाऱ्या संस्थेने ओपन फॉन्ट लायसन्स हा खुला परवाना जाहीर केला तेव्हा. व्हिक्टर गॉल्टनी आणि निकोला स्पालिंजे यांनी लिहिलेल्या या परवान्याच्या अटी एका पानात मावतात. छापा, वेबवर वापरा, ॲपमध्ये घाला, बदल करा, व्यावसायिक कामालाही चालेल. फक्त नुसता फॉन्ट विकायचा नाही, बदललेली आवृत्ती याच परवान्याखाली द्यायची, आणि मूळ नाव राखीव असेल तर दुसरं नाव ठेवायचं. २०१० मध्ये गूगल फॉन्ट्स सुरू झालं तेव्हा त्यातल्या बहुतेक फॉन्टना हाच परवाना होता. पुढे ॲडोबीचा सोर्स सॅन्स, आयबीएमचा प्लेक्स, रास्मुस आन्डर्सन यांचा इंटर आले आणि ‘फुकट म्हणजे कच्चं’ हा समज मोडला. सगळेच मोफत फॉन्ट इतके पक्के नसतात. नमुन्याच्या चार शब्दांवर भुलू नये. स्वतःचा मजकूर, आकडे आणि विरामचिन्हं लावून बघावीत.

‘वैयक्तिक वापरासाठी मोफत’ ही पाटी मात्र वेगळी. तिचा अर्थ गिऱ्हाइकाच्या कामासाठी पैसे भरा, एवढाच. गाफील राहिलं तर कुणाचीही फजिती होते. फ्रान्समध्ये ऑनलाइन चाचेगिरी रोखायला नेमलेल्या हादोपी या संस्थेच्या बोधचिन्हात २०१० मध्ये ‘ब्यांव्हन्यू’ हा फॉन्ट निघाला. तो झां-फ्रांस्वा पोर्शे यांनी फक्त फ्रान्स टेलिकॉमसाठी घडवलेला होता. बोधचिन्ह बदलावं लागलं.

गेल्या दहा-बारा वर्षांत मधले मार्गही निघाले. २०१५ पासून फॉन्टस्टँडवर फॉन्ट महिन्याच्या भाड्याने मिळतो. २०१८ मध्ये सुरू झालेल्या फ्यूचर फॉन्ट्सवर अपुरा फॉन्ट कमी दरात घेता येतो. तो जसा पूर्ण होत जातो तशी किंमत चढते, आधी घेणाऱ्याला पुढच्या आवृत्त्या त्याच पैशांत. मला हा व्यवहार फार आवडतो, कारण कमी पैसे मोजूनही ते थेट घडवणाऱ्याच्या हाती पोचतात. टाइपकिट आता ॲडोबी फॉन्ट्स झालं आहे. तिथली वर्गणी थांबली की फॉन्टही बंद होतात, आणि दोन वर्षांपूर्वीची फाइल उघडली की अक्षरांच्या जागी पर्यायी वळण दिसतं.

विकत घेतलेला फॉन्टही अमर नसतो. जानेवारी २०२३ पासून ॲडोबीच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप १ फॉन्टने नवं काम करता येत नाही. परवाना शाबूत असूनही अनेकांचे जुने संच कपाटात पडून राहिले. फाइलचा प्रकार बदलून घ्यायचा तर विक्रेत्याची परवानगी आहे का ते पाहावं लागतं किंवा नवी आवृत्ती घ्यावी लागते. ओपन फॉन्ट लायसन्सखालचा फॉन्ट असेल तर ते रूपांतर डिझायनर स्वतःच करू शकतो, नाव राखीव असल्यास ते बदलून.