एक फाइल बदलली, तर कोणकोणत्या स्टाइलशीट बदलायच्या?

वडोदऱ्यात दांडिया बाजार परिसरातील एखाद्या मराठी संस्थेला स्वतःचे संकेतस्थळ करायचे आहे, असे समजू. सभासदांसाठी मराठी पाने, शहरातील इतर वाचकांसाठी गुजराती पाने आणि कार्यक्रमपत्रिका कागदावर छापण्याची सोय, या तीन गरजांसाठी तीन स्टाइलशीट, म्हणजे पानाचे रंग, अक्षरे आणि मांडणी ठरवणाऱ्या फाइली, ठेवणे सोयीचे ठरते. रंग, समास आणि मथळ्यांचे आकार तिन्हींत सारखेच असतात. मात्र देवनागरीत शिरोरेषेच्या वर मात्रा व रफार आणि खाली उकार येतात. गुजरातीला शिरोरेषाच नाही आणि तिचा फाँटही निराळा असतो. त्यामुळे ओळींमधील अंतर दोन्ही लिपींसाठी स्वतंत्रपणे ठरवावे लागते.

सामायिक भाग एकदाच लिहिण्याची सोय ‘सास’ या भाषेने दिली. हॅम्प्टन कॅटलिन यांनी २००६ मध्ये तिची कल्पना मांडली आणि नॅटली वायझेनबाम यांनी ती घडवली. ब्राउझरला मात्र सास कळत नाही, त्याला स्टाइलशीटची मूळ भाषा, म्हणजे सीएसएसच लागते. म्हणून मधे सासचे सीएसएसमध्ये रूपांतर करणारा कंपाइलर आला. ज्या फाइलचे नाव अधोरेषेने सुरू होते ती केवळ सामायिक आहे, तिच्यापासून वेगळी सीएसएस फाइल करायची नाही, असा सासचा संकेत आहे. आपल्या उदाहरणात ‘_रंग’ आणि ‘_मांडणी’ या सामायिक फाइली, तर ‘मराठी’, ‘गुजराती’ आणि ‘छपाई’ या मुख्य फाइली होतील. ‘_मांडणी’मधील ओळींच्या अंतराला ‘डिफॉल्ट’ (वेगळे सांगितले नाही तर हेच) अशी खूण केलेली असेल, तर प्रत्येक मुख्य फाइल ती मांडणी ‘ॲट-यूज’ या आज्ञेने घेतानाच ‘विथ’ लिहून स्वतःचे अंतर कळवू शकते.

खरी अडचण यानंतर येते. ज्यात आपण फाइली लिहितो त्या एडिटरमध्ये ‘फाइल साठवली की ती कंपाइल कर’ एवढीच व्यवस्था असेल, तर ‘_रंग’मधला केशरी रंग बदलून साठवल्यावर काहीच घडत नाही, कारण तिच्यापासून फाइल तयार करायचीच नसते, आणि जिथे बदल दिसायला हवा त्या तिन्ही मुख्य फाइलींना तर कोणी हातही लावलेला नसतो. मुख्य फाइलीत ‘मी कोणावर अवलंबून आहे’ हे लिहिलेले असते, पण फाइल साठवण्याच्या क्षणी उत्तर हवे असते ते ‘माझ्यावर कोण अवलंबून आहे’ या उलट प्रश्नाचे. त्यासाठी सगळ्या फाइली वाचून कोण कोणावर अवलंबून आहे हे बाणांनी दाखवणारा त्यांच्या संबंधांचा आलेख तयार करावा लागतो. ‘_मांडणी’ने ‘_रंग’ घेतला असेल आणि ‘मराठी’ने फक्त ‘_मांडणी’, तरीही रंग बदलताच ‘मराठी’ नव्याने तयार व्हायला हवी. म्हणजे आलेखातील बाण उलट दिशेने शेवटपर्यंत चालत जावे लागतात. हा विचार सासहून बराच जुना आहे. स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये बेल प्रयोगशाळेत लिहिलेला ‘मेक’ हा प्रोग्राम अवलंबित्वाच्या अशाच नोंदींवर चालतो. फरक इतकाच की तिथे त्या नोंदी माणूस लिहून देतो, आणि सास त्या फाइलींमधूनच वाचते.

म्हणून, माझ्या मते, एडिटरला एकेका फाइलीची आज्ञा देण्यापेक्षा सासच्या कंपाइलरलाच ‘वॉच’ पर्याय देऊन संपूर्ण फोल्डरवर लक्ष ठेवायला बसवावे. मूळ फाइलींचे फोल्डर आणि तयार सीएसएसचे फोल्डर अशी जोडी त्याला एकदा सांगितली की बदललेल्या फाइलीवर अवलंबून असलेल्या तेवढ्याच स्टाइलशीट तो पुन्हा तयार करतो. व्हीएस कोड या एडिटरमध्ये ही आज्ञा ‘टास्क’ म्हणून नोंदवता येते आणि प्रकल्पाचे फोल्डर उघडताच ती आपोआप सुरू होईल अशी सोयही करता येते. अशा स्वयंचलित टास्कसाठी एडिटर आधी आपली परवानगी घेतो, आणि ते योग्यच आहे. सामायिक फाइलीत अर्धविराम राहून गेला, तर ती चूक तिन्ही स्टाइलशीटमध्ये पोहोचते. अशा वेळी सास, वेगळी सूचना दिलेली नसल्यास, त्या चुकीविषयीचा संदेश सीएसएसमध्येच लिहिते, आणि पान उघडताच चुकलेली फाइल व ओळ ब्राउझरमध्ये वाचता येते.