रीसेल फ्लॅटची तपासणी आणि भावाची बोलणी

आधी कुणाच्या तरी मालकीचा आणि वापरातला असलेला फ्लॅट घेताना बांधकाम, क्षेत्रफळ आणि कागदपत्रे या तिन्ही अंगांनी केलेली पाहणी, आणि तिच्या आधारे किंमत ठरवण्याची बोलणी. अमेरिकेतील अनेक राज्यांत परवानाधारक गृहनिरीक्षक हे काम करतात. महाराष्ट्रात असा टप्पा कायद्याने ठरवून दिलेला नाही. रेरा (स्थावर मालमत्ता नियमन) कायद्यानुसार ताबा दिल्यापासून 5 वर्षांत निघालेले बांधकामातील दोष विकासकाने विनामूल्य दुरुस्त करून द्यायचे असतात. त्याहून जुन्या घरातला दोष खरेदीनंतर उघड झाला तर प्रत्यक्षात तो नव्या मालकालाच निस्तरावा लागतो. म्हणून ही पाहणी टोकन (सौदा पक्का करण्याची आगाऊ रक्कम) देण्यापूर्वीच झाली पाहिजे. एजंट "उद्या दुसरी पार्टी येतेय" असा लकडा लावतात, पण टोकन गेल्यानंतर सापडलेल्या दोषाला बोलणीत फारसे वजन राहत नाही.

ओल आणि गळती

मुंबई आणि कोकणपट्टीत पावसाचा मारा मुख्यतः पश्चिम आणि दक्षिणेकडच्या भिंतींवर बसतो. जुलै-ऑगस्टमध्ये घर पाहिले तर पुष्कळसे आपोआप कळते. उन्हाळ्यात, त्यातही घर नुकतेच रंगवलेले असेल, तर ब्रश न पोचलेल्या जागा शोधाव्या लागतात: कपाटामागची भिंत, माळ्याचा आतला कोपरा, किचन ट्रॉलीच्या मागचा भाग, खिडकीच्या चौकटीखालचा कोपरा, बाथरूमच्या फॉल्स सीलिंगवरचा स्लॅब. घरभर रंग जुना आणि एकाच भिंतीवर नवा दिसला तर ती भिंत सर्वांत आधी तपासावी. पांढरी खारट पूड, रंगाचे फुगे आणि सुटलेले पोपडे या मुरलेल्या पाण्याच्या खुणा आहेत. मॉइश्चर मीटर वापरताना त्याच घरातल्या खात्रीने सुक्या असलेल्या भिंतीशी तुलना करावी. प्लास्टरमध्ये खार असला की मीटरचा आकडा फुगतो, त्यामुळे एकट्या आकड्याला अर्थ नसतो.

पाणी कुठून येते यावर खर्च कोणाचा हे ठरते. बाहेरच्या भिंतीतून आलेली ओल पावसाळा संपल्यावर हळूहळू वाळते. वरच्या बाथरूममधून उतरणारी बारा महिने टिकते. बऱ्याच इमारतींत बाथरूमचा स्लॅब बुडीत (बाकी घरापेक्षा खाली) ठेवून त्यात विटांच्या तुकड्यांचा कोबा भरलेला असतो. नहाणी ट्रॅपभोवतीचा (फरशीवरचे पाणी जिथून निघून जाते त्या भोकाभोवतीचा) सांधा सुटला की पाणी या भरावात साठते आणि महिनोन्महिने खालच्या छतात झिरपत राहते. वरून फरश्यांच्या सांध्यांत व्हाइट सिमेंट भरून हे थांबत नाही, फरशी आणि कोबा काढून वॉटरप्रूफिंग नव्याने करावे लागते. यासाठी पाहणीतला सर्वांत उपयोगी आणि सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे खालच्या मजल्यावरच्या घरी जाऊन त्यांच्या बाथरूमचे छत बघणे. त्यांची सोसायटीकडे लेखी तक्रार असेल तर ते काम नव्या मालकाच्या गळ्यात पडणार. आदर्श उपविधींनुसार (गृहनिर्माण सोसायट्यांच्या नमुना नियमावलीनुसार) गच्चीतून, पावसाच्या पाण्यामुळे आणि बाहेरच्या सामाईक पाइपांमुळे होणारी गळती सोसायटीने दुरुस्त करायची असते. घराच्या आतल्या नळजोडणीमुळे होणारी त्या सभासदाने.

सांगाडा

प्लास्टरवरच्या केसासारख्या जाळीदार भेगा बहुधा निरुपद्रवी असतात. वीटकाम आणि काँक्रीटच्या सांध्यावरची सरळ भेगही नेहमीची. कॉलमच्या कडेने, आतल्या सळईच्या रेषेत वर जाणारी भेग मात्र गंभीर. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे काँक्रीटचा अल्कधर्म कमी होत गेला की सळईवरचे संरक्षण जाते आणि ती गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून वरचे काँक्रीट फुटून खपले निघतात. समुद्रालगत खारी हवा हे आणखी लवकर घडवते. फ्लॅटच्या आत हे प्लास्टरखाली झाकलेले असू शकते. म्हणून पार्किंगमधले कॉलम, डक्टची मागची बाजू आणि गच्चीवरच्या टाकीचा तळ बघावा.

चाचण्या खरेदीदाराने स्वतः करून घेण्यापेक्षा सोसायटीचा स्ट्रक्चरल ऑडिट अहवाल मागवावा. आदर्श उपविधींनुसार 15 ते 30 वर्षे वयाच्या इमारतीचे ऑडिट 5 वर्षांतून एकदा आणि त्याहून जुनीचे 3 वर्षांतून एकदा व्हायला हवे. अहवालात अल्ट्रासॉनिक चाचणीतला (काँक्रीटमधून जाणाऱ्या ध्वनिलहरींचा) वेग सेकंदाला 3.5 किलोमीटरच्या वर असेल तर काँक्रीट चांगले, 3 च्या खाली असेल तर शंकास्पद. सळईचा विद्युतदाब मोजणाऱ्या हाफ-सेल चाचणीत उणे 350 मिलिव्होल्टच्या पलीकडचे आकडे सळई गंजत असल्याची दाट शक्यता दाखवतात. मुंबईत इमारत सी-1 वर्गात असेल तर ती रिकामी करून पाडण्याजोगी ठरलेली असते. तिथे दुरुस्तीच्या खर्चावर बोलण्यात अर्थ नाही.

क्षेत्रफळ आणि कागद

जाहिरातीतला सुपर बिल्टअप आकडा (जिना, लॉबी यांचा वाटा धरलेला) बाजूला ठेवून टेपने कार्पेट, म्हणजे घराच्या आतली वापरायची जागा, मोजावे. "900 चौरस फूट, 81 लाख" हा दर ऐकायला 9,000 वाटतो. कार्पेट 620 निघाले तर तो सुमारे 13,065 होतो. बंद केलेली बाल्कनी कार्पेटमध्ये धरू नये. मंजूर नकाशात किचन, बाथरूम कुठे आहे हेही ताडून पाहावे, कारण हलवलेले बाथरूम खालच्या घराच्या किचनवर येते आणि वाद तिथून सुरू होतो.

भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरायला पालिकेने दिलेली परवानगी), आधीच्या सर्व खरेदीखतांची साखळी, सूची 2 (नोंदणी कार्यालयातला व्यवहाराचा उतारा), भागप्रमाणपत्र (सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट), सोसायटीचे ना-देय पत्र, आणि गहाण असल्यास बँकेचे थकबाकीचे पत्र हे कागद वकिलाला दाखवून 30 वर्षांचा सर्च (मालकीच्या नोंदींचा शोध) घ्यावा. साखळीतला एखादा जुना करार पुरेसे मुद्रांक शुल्क न भरता झालेला निघाला तर ते शुल्क आणि दंड कोण भरणार हे किंमत ठरवतानाच लिहून घ्यावे. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेची गेल्या तीन-चार वर्षांची इतिवृत्ते वाचावीत. मोठ्या दुरुस्तीचा ठराव आणि दरडोई वर्गणी बहुधा तिथेच सापडते, आणि विक्रेता नेमकी हीच गोष्ट सांगत नाही.

भाव

सांगितलेल्या किमतीतून खर्च वजा करणे ही सार्वत्रिक चूक आहे, कारण त्या किमतीत घासाघिशीची जागा आधीच धरलेली असते. आधी त्याच इमारतीत किंवा गल्लीत अलीकडे नोंदलेल्या व्यवहारांचा कार्पेटचा दर नोंदणी विभागाच्या ई-सर्चमधून काढावा आणि वजाबाकी त्यातून करावी. समजा मागणी 80 लाख आहे आणि नोंदलेल्या दराने किंमत 77 लाख येते. ठरावानुसार सोसायटीची वर्गणी 2.5 लाख, दोन बाथरूमचे वॉटरप्रूफिंग 1.5 लाख, नवी वायरिंग 1 लाख धरली, तर बोलणीचा पाया 72 लाख. प्रत्येक आकड्यामागे कंत्राटदाराचे लेखी दरपत्रक किंवा ठरावाची प्रत असावी; नुसती तोंडी यादी विक्रेता उडवून लावतो. जुन्या फरश्या, फिका रंग यांचे पैसे मागू नयेत. जुन्या घरांच्या दरात ते आधीच आलेले असतात आणि अशा मागण्यांनी खऱ्या दोषांचे महत्त्व कमी होते. भोगवटा प्रमाणपत्र नसणे किंवा मालकीत खोट असणे याला मात्र सवलत हा उपाय नव्हे. तो व्यवहार सोडावा. पुनर्विकास होणार म्हणून जास्त भाव सांगितला तर विकासक नेमल्याचा ठराव आणि नोंदणीकृत करार दाखवायला सांगावे. दोन्ही नसतील तर त्या आशेचे पैसे देऊ नयेत.

किंमत किती खाली आणायची याला करांची मर्यादा आहे. मुद्रांक शुल्क करारातली किंमत आणि रेडी रेकनर (शासनाच्या दरतक्त्याने येणारे मूल्य) यांपैकी जे जास्त त्यावर लागते: मुंबईत 6 टक्के, पुण्यात 7, आणि घर केवळ स्त्रीच्या नावावर असेल तर 1 टक्का कमी. शुल्काचे मूल्यांकन करताना जुन्या इमारतीला घसारा मिळतो, तो धरला आहे ना ते पाहावे. करारातली किंमत शासकीय मूल्यापेक्षा बरीच कमी असेल आणि हा फरक 10 टक्क्यांच्या सवलतीत बसत नसेल, तर तो खरेदीदाराचे उत्पन्न धरला जाऊ शकतो. काही रक्कम रोख देण्याची सूचना आली तर ती नाकारावी. स्थावर व्यवहारात 20,000 रुपये वा अधिक रोख घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो, आणि खरेदी किंमत कागदावर कमी राहिल्याने पुढे विकताना खरेदीदाराचा भांडवली नफा फुगतो.

टोकन आणि ताबा

टोकनच्या पावतीवर मालकी स्पष्ट न निघाल्यास किंवा बँकेचे मूल्यांकन ठरलेल्या किमतीपेक्षा कमी आल्यास रक्कम परत मिळेल, असे लिहून घ्यावे. 30 ते 75 लाखांच्या गृहकर्जात बँक मूल्याच्या 80 टक्क्यांपर्यंतच देते. मूल्यांकन घसरले की उरलेला खड्डा खिशातून भरावा लागतो. सोसायटीचे हस्तांतरण अधिमूल्य महापालिका क्षेत्रात जास्तीत जास्त 25,000 रुपये असते, ते कोण देणार हेही पावतीत यावे. पंखे, गीझर, किचन ट्रॉली, एसी यांची यादी कराराला जोडावी. किंमत 50 लाख किंवा अधिक असेल तर 1 टक्का टीडीएस (विक्रेत्याच्या रकमेतून कापायचा कर) खरेदीदाराने कापून भरायचा असतो. शेवटचा हप्ता देण्याच्या दिवशी घर रिकामे असताना पुन्हा एकदा फिरून पाहावे: कपाटे हलल्यावर उघड्या पडलेल्या भिंती, वीज आणि गॅस मीटरचे आकडे, भरलेली शेवटची बिले, आणि पार्किंग सोसायटीच्या नोंदवहीत कोणाच्या नावावर आहे ते.