वादळात अंग चोरणारी पवनचक्की

साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या पाहायला जाणाऱ्यांच्या तोंडी एक वाक्य हटकून ऐकू येते : वारा एवढा सुटला आहे, म्हणजे वीजही तेवढीच भरपूर होत असणार. हा समज एका मर्यादेपर्यंतच खरा आहे. त्या मर्यादेपलीकडे पवनचक्कीला वारा पकडायचा नसतो, वाऱ्यापासून स्वतःला वाचवायचे असते. आणि या अडचणीवरचे मला सर्वांत देखणे वाटणारे उत्तर एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या एका ख्रिस्ती धर्मोपदेशकाने शोधले.

लेनर्ड हेमेनवे व्हीलर हे त्यांचे नाव. १८४१ मध्ये ते पत्नी हॅरिएटसह उत्तर अमेरिकेतल्या सुपीरियर सरोवरातल्या मॅडेलिन बेटावर ओजिब्वे या तिथल्या मूळ रहिवासी लोकांमध्ये काम करायला गेले आणि काही वर्षांनी सरोवराच्या दक्षिणेला, विस्कॉन्सिनमधल्या ओडाना या वस्तीत स्थायिक झाले. त्यांना पाठवणारी संस्था म्हणजे परदेशांत मिशनरी पाठवणारे अमेरिकन बोर्ड. याच बोर्डाचे मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत उतरले होते आणि पुढे अहमदनगरला त्यांनी आपले मोठे केंद्र उभारले, त्यामुळे मराठी वाचकाला ही संस्था अगदीच अनोळखी नाही. ओडानात धर्मोपदेशाच्या जोडीने शेती आणि शाळा सांभाळताना व्हीलर पवनचक्कीच्या मागे लागले. ही चक्की वीज करणारी नव्हे, पंपाने पाणी उपसणारी. प्रकृती ढासळल्यामुळे १८६६ मध्ये ते बेलॉइट या गावी आले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी आपल्या यंत्राचे पेटंट मिळवले.

या यंत्राचे मर्म समजण्यासाठी वाऱ्याचा थोडा हिशेब मांडावा लागतो. तीन मीटर व्यासाच्या, पात्यांच्या चाकातून ताशी १८ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ५ मीटर वेगाने वारा जात असेल, तर त्या वाऱ्यात सुमारे ५३० वॉट शक्ती असते. वेग तिप्पट झाला की शक्ती तिप्पट होत नाही, सत्तावीसपट होते. कारण दर सेकंदाला येणारी हवाही तिप्पट असते आणि तिच्या प्रत्येक किलोग्रॅमची गतिज ऊर्जा नऊपट असते. म्हणजे तोच आकडा १४ किलोवॉटच्या वर जातो. झुळकीतही पंपाचा दट्ट्या उचलता यावा म्हणून अशा चाकाला पुष्कळ पाती बसवलेली असतात, आणि नेमकी हीच दाट पाती वादळात घातक ठरतात, कारण सारा रेटा त्यांच्यावर येतो. त्यामुळे रानात एकट्या उभ्या असलेल्या, राखणीला माणूस नसलेल्या चक्कीला वारा वाढताच आपोआप आवरते घेता आले पाहिजे.

डॅनियल हॅलाडे या अमेरिकन संशोधकाने १८५४ मध्ये एक उपाय काढला होता. त्यांच्या चाकाची पाती वेग वाढला की आपोआप वळून वाऱ्याचा रेटा सोडून देत असत. उपाय चालला, पण त्यात हलणारे सांधे बरेच होते. व्हीलर यांनी चाक अखंड ठेवले आणि पुढची करामत शेपटाकडे सोपवली.

पवनचक्कीचे डोके मनोऱ्यावर मोकळे फिरत असते आणि मागचे शेपूट त्याला वाऱ्याच्या दिशेने धरून ठेवते. व्हीलर यांनी हे शेपूट बिजागरीवर बसवले. चाकाच्या मागे, त्याच्याशी समांतर आणि एका बाजूला कडेबाहेर डोकावणारी एक लहान फळी त्यांनी चाकाच्या चौकटीला पक्की जोडली. वारा तोंडावर आला की ही फळी चाकाला एका अंगाला वळवू पाहते. तिला विरोध करते ते तरफेवर टांगलेले एक वजन. मंद वाऱ्यात वजनाची सरशी होते, त्यामुळे चाक वाऱ्याकडे सरळ तोंड करून राहते. मात्र फळीवरचा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. एका ठरावीक वेगाला तो वजनावर मात करतो, वजन उचलले जाऊ लागते आणि चाक शेपटाच्या दिशेने तिरपे होऊ लागते. साठ अंशांनी वळले की वाऱ्यासमोरचे त्याचे क्षेत्रफळ निम्मे उरते. वादळ ऐन भरात आले की चाक शेपटाला समांतर होते आणि वाऱ्यासमोर केवळ त्याची कड राहते. वारा पडला की वजन आपल्या भाराने खाली येते आणि चाक पुन्हा सामोरे होते. वजन तरफेवर पुढेमागे सरकवले की अंग चोरण्याचा वेग बदलता येतो. यात स्प्रिंग नाही, कोणाचे लक्ष नको. लागते फक्त गुरुत्वाकर्षण, आणि ते कधी गंजत नाही.

‘एक्लिप्स’ या नावाने ही चक्की व्हीलर यांच्या मुलांनी बाजारात आणली. १८७२ मध्ये व्हीलर यांचे निधन झाले, पण चक्की पसरतच गेली. वाफेच्या इंजिनांना पाणी पुरवण्यासाठी रेल्वेच्या स्थानकांवर तिची कित्येक फूट व्यासाची अवाढव्य चाके फिरत असत.

सुरुवातीला सांगितलेल्या समजासारखाच पवनचक्क्यांविषयी आणखी एक गैरसमज आहे. पवनचक्क्या ढग पांगवतात आणि पाऊस पळवून लावतात, अशी आवई मध्यंतरी साताऱ्या-सांगलीकडच्या दुष्काळी भागात उठली होती. मोसमी वारे कित्येक किलोमीटर जाडीच्या थरातून बाष्प वाहून आणतात, आणि पाती त्यातल्या अगदी तळाच्या पट्ट्यातली थोडीशी ऊर्जा घेतात. डोळ्यांना दिसणाऱ्या उंच यंत्राला न दिसणाऱ्या कारणांचा दोष देणे सोपे असते, एवढाच या आवईचा अर्थ.

आजच्या मोठ्या पवनचक्क्या सेन्सर आणि मोटरींच्या साह्याने पाती वळवून वेग आवरतात, आणि बहुतेक यंत्रे ताशी साधारण ९० किलोमीटरच्या वाऱ्यात पूर्ण थांबवली जातात. काही किलोवॉटच्या छोट्या पवनचक्क्यांमध्ये मात्र व्हीलर यांची युक्ती अजून टिकून आहे. तिथे बाजूची फळी नसते. चाकाचा आसच मनोऱ्याच्या मध्यापासून किंचित बाजूला सरकवलेला असतो, त्यामुळे वाऱ्याचा रेटा स्वतःच चाकाला वळवू लागतो. शेपटाची बिजागरी मुद्दाम तिरकी बसवलेली असते, म्हणून चाक वळताना शेपूट थोडे उचलले जाते, आणि टांगलेल्या वजनाचे काम शेपटाचाच भार करतो.