ताट बदलण्याआधी गोळ्यांची चिठ्ठी

डिसेंबर २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ‘डायरेक्ट’ नावाच्या ब्रिटिश प्रयोगाचे निकाल छापून आले. ग्लासगोचे माइक लीन आणि न्यूकॅसलचे रॉय टेलर यांनी टाइप २ मधुमेहाच्या ३०६ रुग्णांचे दोन गट केले होते. एका गटाला नेहमीचे उपचार मिळाले. दुसऱ्या गटाला तीन ते पाच महिने रोज साधारण ८५० कॅलरींची सूप आणि शेकची पाकिटं मिळाली आणि मग हळूहळू नेहमीचं जेवण सुरू झालं. वर्षभराने या दुसऱ्या गटातल्या ४६ टक्के लोकांची शुगर औषधाशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली होती. पंधरा किंवा त्याहून जास्त किलो उतरवलेल्यांमध्ये हे प्रमाण ८६ टक्के होतं.

हे आकडे आता बऱ्याच जणांना ठाऊक आहेत. त्याच प्रयोगातली दुसरी गोष्ट मात्र क्वचितच कुणी सांगतं. आहार सुरू झाला त्याच दिवशी डॉक्टरांनी या लोकांच्या मधुमेहाच्या आणि ब्लडप्रेशरच्या गोळ्या बंद केल्या. पुढे लक्ष ठेवलं आणि गरज पडली तिथे त्या पुन्हा सुरू केल्या. इन्शुलिन घेणारे, सहा महिन्यांत हार्ट अटॅक येऊन गेलेले, हृदय फार कमकुवत झालेले, किडनीचं काम खूप घटलेले अशा लोकांना तर या प्रयोगात घेतलंच नव्हतं. आपल्याकडे हाच आहार मोबाइलवर वाचून, आधीच्या सगळ्या गोळ्या चालू ठेवून, घरच्या घरी करणारे लोक आहेत, आणि त्यांची मला खरोखर काळजी वाटते.

कारण गोळीचा डोस त्या वेळच्या वजनाला आणि ताटाला धरून ठरलेला असतो. ताट अर्धं झालं की तीच गोळी जास्त होते.

खाणं, त्यातही भात-पोळी-साखर, एकदम कमी केलं की इन्शुलिनची पातळी खाली येते. किडनीला मीठ धरून ठेवायला सांगणाऱ्या संदेशांपैकी इन्शुलिन हा एक. तो संदेश क्षीण झाला की लघवीवाटे मीठ जातं आणि त्याच्यामागून पाणी जातं. शिवाय यकृतात आणि स्नायूंत साठवलेली ग्लायकोजेन नावाची साखर वापरली जाते. तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी बांधलेलं असतं, तेही सुटतं. पहिल्या आठवड्यात काटा दोन-तीन किलो खाली येतो आणि घरात आनंद होतो, पण त्यातलं बरंचसं पाणीच असतं. अंगातलं पाणी घटलं की ब्लडप्रेशर उतरतं. वर बीपीची गोळी आणि लघवीची गोळी आधीच्याच मापाने चालू असेल, तर पहाटे बाथरूमला जायला उठलेला माणूस डोळ्यांपुढे अंधारी येऊन पडतो. सत्तरीत मांडीचं हाड मोडणं ही साधी गोष्ट नाही.

मधुमेहाच्या सगळ्या गोळ्या सारख्या नसतात. नुसत्या मेटफॉर्मिनने शुगर सहसा धोकादायक खाली जात नाही. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या गोळ्या मात्र स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावतात, तुम्ही जेवा किंवा जेवू नका. एकादशी असो, नवरात्र असो की दोनच वेळा जेवायचा नवा नेम, सकाळी नेहमीची गोळी घेतली आणि दुपारचं ताट आलंच नाही, तर शुगर ७० च्या खाली घसरू शकते. हात कापतात, दरदरून घाम फुटतो, माणूस असंबद्ध बोलू लागतो. किडनी मंदावलेली असेल तर काही औषधं शरीरात जास्त वेळ रेंगाळतात आणि शुगर पुन्हा पुन्हा उतरते. हृदयासाठी बीटा ब्लॉकर, म्हणजे ठोक्यांचा वेग कमी करणारी गोळी, चालू असेल तर धडधड आणि थरथर जाणवेलच असं नाही. घाम तेवढा येतो, आणि तो उकाड्याचा समजला जातो.

डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधं हृदयाला आणि किडनीला चांगलीच उपयोगी आहेत, आणि आता ती बऱ्याच चिठ्ठ्यांवर दिसतात. ती साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. पण ती घेत असताना कडक उपास किंवा जवळजवळ बिनपिष्टाचा आहार केला, तर शरीर चरबी जाळून इतके कीटोन बनवू शकतं की रक्त आम्लधर्मी होतं. फसवं असं की या वेळी ग्लुकोमीटरवर शुगर फारशी वाढलेली दिसत नाही. मळमळ, पोटदुखी, जोरजोरात श्वास सुरू झाला तर ‘शुगर तर ठीक आहे’ म्हणून घरी थांबू नये. थेट हॉस्पिटल गाठावं आणि तिथे या गोळीचं नाव सांगावं.

हृदय कमकुवत असलेल्यांसाठी वजनकाटा हे वेगळंच यंत्र आहे. त्यांनी रोज सकाळी, लघवी करून आल्यावर, न्याहारीआधी वजन करायचं ते चरबी मोजण्यासाठी नव्हे. तीन दिवसांत वजन दोन किलोंनी वाढलं, तर अंगात पाणी साठतंय. पायांवर सूज किंवा दम लागणं सुरू होण्याआधीच ते काट्यावर दिसू शकतं. अशा वेळी ‘कालच्या लग्नात जास्त खाल्लं’ म्हणून पुढचं जेवण सोडण्यात अर्थ नसतो, डॉक्टरांना फोन करायचा असतो. उलटंही ध्यानात ठेवायला हवं. या आजारात प्रयत्न न करता वजन उतरत गेलं तर ती शुभवार्ता नाही. शरीर स्वतःचे स्नायू खात असल्याची ती खूण असू शकते.

किडनीच्या रुग्णांना तर वजन कमी करायचे लोकप्रिय सल्लेच अडचणीत आणतात. सकाळी पालकाचा रस, दुपारी नारळपाणी, मिठाऐवजी ‘लो सोडियम’ मीठ. या प्रत्येकात पोटॅशियम आहे, आणि त्या मिठात तर काही सोडियम काढून त्या जागी पोटॅशियमच घातलेलं असतं. अशक्त किडनी ते बाहेर टाकू शकत नाही, बीपीच्या काही गोळ्या ते आणखी वाढवतात, आणि वाढलेलं पोटॅशियम हृदयाचे ठोके बिघडवतं. पालेभाज्यांचा दुसरा धागा रक्त पातळ करायच्या जुन्या गोळ्यांशी, म्हणजे वॉरफेरिन आणि असिनोकुमारॉलशी जोडलेला आहे. भाज्यांतलं व्हिटॅमिन के या गोळ्यांच्या विरुद्ध काम करतं. भाजी वर्ज्य नाही, पण काल काहीच नाही आणि आजपासून दोन जुड्या, असं करू नये.

आता आपल्या देहाविषयी. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन संशोधक मित्रांचा एकत्र फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. तेवढ्याच वजनात आपल्याकडे चरबी जास्त आणि स्नायू कमी, हे या एका फोटोने जगाला दाखवलं. वजन उतरतं तेव्हा चरबीबरोबर स्नायूही जातात, ढोबळमानाने चौथा हिस्सा. मुळात स्नायूंची शिल्लक कमी असेल तर हा चौथा हिस्सा महागात पडतो. म्हणून वजन उतरवताना प्रथिनं आणि स्नायूंना ताण देणारा व्यायाम लागतोच. पण किती प्रथिनं? धडधाकट ज्येष्ठांना वजनाच्या दर किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम सुचवतात. डायलिसिसवर नसलेल्या, किडनी बरीच मंदावलेल्या रुग्णाला ०.८ ग्रॅम, आणि डायलिसिस सुरू झालं की पुन्हा १ ते १.२. तोच माणूस, तोच आजार, आणि आकडा दोनदा बदलतो. आहारतक्ता शेजाऱ्याकडून उतरवून घेऊ नये तो यासाठी.

वेगाचंही तसंच. आठवड्याला दीड किलोहून जास्त वजन उतरू लागलं तर पित्ताशयात खडे होण्याची शक्यता वाढते. विरघळणाऱ्या चरबीतलं कोलेस्टेरॉल पित्तात उतरतं, आणि जेवणात स्निग्ध काही नसलं की पित्ताशय पुरेसं आकुंचन पावत नाही. घाई करायची गरजही नसते. फॅटी लिव्हरमध्ये ५ टक्के वजन उतरलं तरी यकृतातली चरबी कमी होते. ८० किलोच्या माणसासाठी हे फक्त ४ किलो आहेत.

तेव्हा आधी सगळ्या गोळ्यांची चिठ्ठी घेऊन डॉक्टरांसमोर बसा आणि विचारा, ‘मी जेवण कमी करतोय, यातलं काय कमी करायचं?’ स्वतःहून एकही गोळी बंद करू नका. पहिले काही आठवडे बीपी बसून आणि मग उभं राहून मोजा, शुगर जास्त वेळा तपासा. वहीत वजनाशेजारी आणखी एक आकडा लिहा: भिंतीला टेकवलेल्या खुर्चीतून, हात छातीशी धरून, ३० सेकंदांत किती वेळा उठता आलं. तोल जात असेल तर कुणाला तरी शेजारी उभं करा. वजनाबरोबर हाही आकडा महिन्यागणिक उतरत असेल, तर पुढचं जेवण कमी करण्याआधी ती वही डॉक्टरांना दाखवा.