महाधमनीची कमान आणि बाविसावे गुणसूत्र

अँजेलो डिजॉर्ज या अमेरिकी बालरोगतज्ज्ञांनी 1965 मध्ये काही अर्भकांचे वर्णन केले, त्यांच्यात थायमस ही रोगप्रतिकारक पेशी घडवणारी ग्रंथी नव्हती आणि रक्तातील कॅल्शियम राखणाऱ्या पॅराथायरॉइड ग्रंथीही नव्हत्या. अशा मुलांपैकी अनेकांच्या हृदयातून निघणाऱ्या मोठ्या धमन्या सदोष असतात, हेही पुढे ध्यानात आले. गळ्याजवळच्या ग्रंथी आणि छातीतील महाधमनी यांचा एकमेकांशी काय संबंध, या प्रश्नाचे उत्तर मिळायला साडेतीन दशके लागली.

रचनेच्या बाजूचे निम्मे उत्तर मात्र जुनेच होते. मानवी भ्रूणाच्या चौथ्या-पाचव्या आठवड्यात घशाच्या दोन्ही बाजूंना धमन्यांच्या कमानदार जोड्या एकामागून एक तयार होतात. त्यांपैकी काही विरून जातात आणि उरलेल्यांची मांडणी बदलते. तिसऱ्या जोडीपासून मानेतील कॅरोटिड धमन्यांचा आरंभीचा भाग बनतो, तर चौथ्या जोडीतील डाव्या धमनीपासून महाधमनीच्या कमानीचा एक छोटा, पण अत्यंत मोक्याचा तुकडा बनतो. थायमस आणि पॅराथायरॉइड यांचाही उगम याच परिसरात, घशाच्या कप्प्यांत होतो. म्हणजे वरवर असंबद्ध दिसणारे हे अवयव भ्रूणात शेजारी-शेजारी घडतात.

या धमन्या घडवण्याचे काम करणाऱ्या पेशी कुठून येतात, हे मार्गारेट कर्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1983 मध्ये कोंबडीच्या भ्रूणावर दाखवले. भावी मेंदू आणि मज्जारज्जू यांच्या वरच्या कडेला ‘न्यूरल क्रेस्ट’ नावाची पेशींची पट्टी असते. तिचा डोक्याच्या मागचा ठरावीक भाग काढून टाकल्यावर हृदयाचे ठोके पडत राहिले, पण महाधमनी आणि फुफ्फुसधमनी यांना वेगळे करणारा पडदाच उभा राहिला नाही आणि दोघींची मिळून एकच नळी राहिली. हृदयाच्या दोषाचे मूळ हृदयाबाहेर, भावी मज्जासंस्थेच्या काठावर असू शकते, हा या प्रयोगाचा खरा धक्का होता.

जनुकांचा शोध दुसऱ्या वाटेने आला. फळमाशीत एक जनुक निकामी झाल्यास तिची हृदयासारखी नळी तयारच होत नाही, हे 1993 मध्ये स्पष्ट झाले. एका अमेरिकी बालकथेतील, हृदय नसलेल्या पत्र्याच्या माणसावरून त्याला ‘टिनमन’ हे नाव मिळाले. (माशीवर काम करणाऱ्यांची नावे ठेवण्याची हौस सर्वश्रुत आहे.) त्याच कुळातील एनकेएक्स2-5 या मानवी जनुकातील बिघाडामुळे हृदयाच्या पडद्याला छिद्र राहते आणि विद्युतवहनात अडथळा येतो, असे 1998 मध्ये काही कुटुंबांच्या अभ्यासातून सिद्ध झाले.

डिजॉर्ज यांच्या रुग्णांचा धागा 1980च्या दशकात बाविसाव्या गुणसूत्राकडे वळला होता. बहुतेकांमध्ये त्याचा सुमारे 30 लाख बेस-जोड्यांचा (म्हणजे डीएनएच्या अक्षरांच्या जोड्यांचा) तुकडा गळालेला असतो, पण त्यात अनेक जनुके असल्याने नेमके दोषी कोणते, हे ठरवता येत नव्हते. 2001 मध्ये उंदरांवरील स्वतंत्र अभ्यासांनी त्यांपैकी टीबीएक्स1 या जनुकाकडे बोट दाखवले. या जनुकाची एकच प्रत उरली, तरी चौथ्या कमानीची धमनी खुरटते. दोन्ही गेल्या, तर दोन मोठ्या धमन्यांची फारकतच होत नाही. पुढे 2003 मध्ये, तुकडा शाबूत पण टीबीएक्स1 मध्ये उत्परिवर्तन असलेले रुग्णही आढळले.

गंमत अशी, की टीबीएक्स1 न्यूरल क्रेस्टच्या पेशींमध्ये कार्यरतच नसते. ते त्यांच्या भोवतालच्या पेशींत चालते आणि बिघाड मात्र न्यूरल क्रेस्टमधून तिथे आलेल्या पाहुण्या पेशींच्या कामात दिसतो. शिवाय एकच प्रत असलेल्या उंदरांच्या भ्रूणांत सुरुवातीला खुरटलेली धमनी बऱ्याचदा नंतर भरून निघते, म्हणून जन्माच्या वेळी दोष तुलनेने कमी पिलांत आढळतो. माणसातही तोच तुकडा गळालेल्या एकाची महाधमनी मध्येच तुटलेली असते, तर दुसऱ्याचे हृदय निर्दोष असते. समरूप जुळ्यांमध्येही असा फरक नोंदवला गेला आहे.