वायट विरुद्ध स्टिकनी

अमेरिकेतील अलाबामा राज्याच्या सरकारी मनोरुग्णालयांतील दुरवस्थेविरुद्ध लढवला गेलेला खटला. १९७० मध्ये दाखल झालेला हा खटला २००३ मध्ये संपला. मनोरुग्णाला त्याच्या इच्छेविरुद्ध डांबून ठेवायचे असेल, तर त्याच्यावर उपचार करणे हे सरकारचे घटनात्मक कर्तव्य ठरते, हे तत्त्व न्यायालयाने पहिल्यांदा स्पष्टपणे मांडले ते या खटल्यात.

खटल्याची सुरुवात रुग्णांच्या तक्रारीतून झालेली नाही. सिगारेटवरील करात कपात झाल्याने राज्याचा निधी आटला आणि टस्कलूसा येथील ब्राइस रुग्णालयातून सुमारे शंभर कर्मचारी कमी करण्यात आले. त्यांच्यापैकी एकीचा पंधरा वर्षांचा भाचा रिकी वायट याच रुग्णालयात होता. कर्मचारी गेले तर रुग्णांवर उपचार कोण करणार, असा प्रश्न कर्मचाऱ्यांचे वकील जॉर्ज डीन यांनी न्यायालयात उपस्थित केला. नोकऱ्यांचा मुद्दा लवकरच मागे पडला, उपचारांचा मात्र तेहतीस वर्षे टिकला. उपचाराच्या हक्काची कल्पना मॉर्टन बर्नबॉम यांनी १९६० मध्येच एका लेखात मांडली होती. वैद्यक आणि कायदा या दोन्ही शाखांत शिकलेल्या या माणसाचा विचार आता कोर्टाच्या पायरीवर पोचला. प्रतिवादी स्टोनवॉल स्टिकनी हे राज्याचे मानसिक आरोग्य आयुक्त होते.

ब्राइसमध्ये तेव्हा पाच हजारांवर रुग्ण होते, आणि मानसोपचाराचे थोडेफार प्रशिक्षण असलेले डॉक्टर अवघे तीन. एका रुग्णाच्या दिवसभराच्या जेवणावर पन्नास सेंटही खर्च होत नव्हते. न्यायाधीश फ्रँक जॉन्सन यांनी मार्च १९७१ मध्ये रुग्णांच्या बाजूने कौल दिला आणि सुधारणेसाठी राज्याला सहा महिने दिले. सुधारणा झाली नाही. मग एप्रिल १९७२ मध्ये त्यांनी किमान निकषांची यादीच आदेशाला जोडली. खटल्याचे खरे मोल या यादीत आहे. एका खोलीत सहापेक्षा जास्त रुग्ण नकोत, प्रत्येकाला किमान ऐंशी चौरस फूट जागा हवी, आठ जणांमागे एक शौचालय हवे, अडीचशे रुग्णांमागे डॉक्टर, परिचारिका किती हेही ठरलेले. प्रत्येक रुग्णासाठी स्वतंत्र उपचार-आराखडा, स्वतःचे कपडे घालण्याची मुभा, भेटीगाठींचा हक्क आणि रुग्णालयाची कामे फुकट करून घेण्यावर बंदी. ‘रुग्णांना नीट वागवा’ असा नुसता उपदेश केला असता, तर सरकारने तो मान डोलवून बाजूला ठेवला असता. शौचालये मोजता येतात, आणि मोजता येणारी गोष्ट नाकारणे अवघड जाते. पैसा नाही ही सबब जॉन्सन यांनी ऐकून घेतली नाही.

निकष सर्सी रुग्णालयाला आणि मतिमंदांसाठीच्या पार्टलो संस्थेलाही लागू झाले. १९६९ पर्यंत सर्सी केवळ कृष्णवर्णीय रुग्णांसाठी होते. १९७४ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने उपचाराच्या हक्काचे तत्त्व उचलून धरले. सर्वोच्च न्यायालयाने मात्र १९८२ च्या एका वेगळ्या निकालात या हक्काला बरेच आखूड रूप दिले. अलाबामात राज्य आणि रुग्णांचे वकील यांच्यात १९८६ व २००० मध्ये तडजोडी झाल्या, आणि २००३ मध्ये न्यायालयाने आपली देखरेख उठवली.

निकष पाळण्याचे दोन मार्ग होते : कर्मचारी वाढवणे किंवा रुग्ण घटवणे. दुसरा स्वस्त होता. हजारोंची वस्ती काही शेकड्यांवर आली. अनेकांना खरोखरच मोकळा श्वास मिळाला. पण बाहेर राहण्याची आणि औषधोपचारांची सोय तितक्या वेगाने उभी राहिली नाही, ही टीका रास्तच आहे.

भारतात रांची, आग्रा आणि ग्वाल्हेरच्या मनोरुग्णालयांची प्रकरणे सर्वोच्च न्यायालयात चालली. १९९७ मध्ये न्यायालयाने त्यांच्यावरील देखरेख राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाकडे सोपवली. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचे विसावे कलम वाचताना अलाबामाची ती यादी आठवते : स्वच्छ परिसर, स्वतःचे कपडे, सक्तीचे मुंडण नाही, काम केल्यास मोबदला. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालयांना हेच कलम लागू आहे. बरे झाल्यावर जायचे कुठे, हा प्रश्न इथेही तसाच उभा आहे. घरचे न्यायला येत नाहीत म्हणून बरे झालेल्या रुग्णांना भिक्षेकरीगृहांत हलवण्याच्या महाराष्ट्रातील प्रकाराला २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हरकत घेतली होती.